हारुनोबाईंचं अर्धं वाक्य

१

खोकल्याच्या गोळ्यांचा निळा डबा मांडणीवर जागच्या जागी होता. झाकणही घट्ट लावलेलं होतं. फक्त आत जे असायला हवं होतं, ते नव्हतं.

कानेमित्सूंनी डबा तळहातावर उलटा करून दोनदा आपटला, आणि मग अवघडून खाटेकडे पाहिलं. खाटेवर हारुनोबाई होत्या. त्यांच्या गळ्यातल्या नळीतून व्हेंटिलेटर संथपणे श्वास भरत होता, सोडत होता. हात, पाय, जीभ यांतली ताकद एकेक करून नेणाऱ्या आजाराने त्यांच्याकडे आता फक्त डोळे शिल्लक ठेवले होते.

कानेमित्सू वाचा-उपचारतज्ज्ञ होते. दर गुरुवारी हारुनोबाईंकडे, निशिवाकींच्या घरी, येत. आज ते मुद्दाम त्या डब्यातला पेनड्राइव्ह न्यायला आले होते. गळ्याला छिद्र पाडण्याआधी हारुनोबाईंनी त्यांच्यासमोर बसून शेकडो वाक्यं वाचली होती, आणि तो आवाज त्या पेनड्राइव्हमध्ये होता. सोमवारी कंपनीचा माणूस डोळ्यांच्या इशाऱ्यावर चालणारा संगणक घेऊन येणार होता. त्यात तो आवाज भरला की बाई नजरेने जे लिहितील, ते त्यांच्याच जुन्या आवाजात ऐकू येणार होतं. दुसरी प्रत नव्हती. तशी अट खुद्द बाईंनीच घातलेली होती.

आवाजही काही साधासुधा नव्हता. शिओमी बंदरातल्या खांबाखांबावरच्या भोंग्यांतून गावाने तीसेक वर्षं तोच ऐकला होता. फेरीबोट उशिरा येणार असली, वादळ येणार असलं, कुणाचे आजोबा वाट चुकून कुठे निघून गेले असले, की नगरपालिकेच्या खोलीतून हारुनोबाई बोलायच्या. संध्याकाळी पाच वाजता मुलांना घरी पिटाळणाराही तोच आवाज.

हारुनोबाईंचे यजमान शिगेतो यांनी अख्खी खोली पालथी घातली. फेरीबोटीच्या इंजिनरूममध्ये आयुष्य काढलेला हा धिप्पाड माणूस, गाद्या उचलून पाहताना लहान मुलासारखा दिसत होता. शेवटी कानेमित्सूंनी भिंतीवरच्या खुंटीची अक्षरफळी काढली. काचेसारखी आरपार दिसणारी ती फळी दोन चेहऱ्यांच्या मधे धरायची. बाई हव्या त्या अक्षराकडे बघतात. समोरच्याने फळी हळूहळू हलवत न्यायची. त्या अक्षरातून दोघांची नजर एकमेकांना भिडली, की ते अक्षर ठरलं.

"कुणी घेतला, माहीत आहे का?"

नजर भिडली. मि. मग ओ. मग रि.

मिओरी म्हणजे रोज घरी येणारी मदतनीस. कानेमित्सूंनी ते नाव मोठ्याने उच्चारलं मात्र, शिगेतो तडक बाहेरच्या फोनकडे गेले. कानेमित्सूंनी फळी खाली ठेवली, खाटेवर वाकून विचारलं, "मिओरीसानने घेतला?"

हारुनोबाईंनी डोळे घट्ट मिटले. त्यांच्या खुणांत डोळे मिटणं म्हणजे हो, आणि नजर बाजूला वळवणं म्हणजे नाही.

त्यानंतर त्यांनी ते डोळे उघडलेच नाहीत.

२

कुवाहारा मित्सुए या गावच्या अपंग साहाय्य केंद्रात समन्वयक होत्या. सकाळी नर्स, दिवसा मदतनीस, बुधवारी घरोघर टब नेऊन रुग्णांना अंघोळ घालणारी गाडी, गुरुवारी वाचा-उपचार अशी हारुनोबाईंच्या आठवड्याची वीण त्यांनीच घातली होती. त्या विणीतला मुख्य धागा मिओरी होती. कफ ओढण्याचं यंत्र चालवणारी आणि फळीवरून भराभर वाचणारी तिच्याशिवाय शिओमीत दुसरी मदतनीस नव्हती. ती गेली तर हारुनोबाईंना घरी ठेवणं कठीण होतं. मग खाडीपलीकडच्या शहरातलं इस्पितळ, आणि तिथे एकदा गेलेली माणसं सहसा परत येत नसत.

मिओरीला केंद्राने शुक्रवारी सकाळीच कामावरून थांबवलं होतं.

शिगेतोंना पोलिसांत जायचं होतं. बुधवारपर्यंत तरी थांबा, असं कुवाहाराबाईंनी त्यांना मोठ्या आवाजात दोनदा सांगितलं. इंजिनांनी त्यांचे कान केव्हाच खाल्ले होते. त्यांचा राग समजण्यासारखा होता. यंत्र आलं की मिओरीचं महत्त्व संपणार, मग फळी कोण विचारतो, म्हणून तिने हे केलं, असं त्यांनी मनाशी पक्कं करून टाकलं होतं. स्वतः त्यांनी फळीला कधी हात लावला नव्हता. लावायची गरजच काय, सोमवारपासून ती आपल्या आवाजात बोलणार होती, असं म्हणत ते मधेच उठून चहा करायला गेले.

कुवाहाराबाईंनी त्यांना एकच गोष्ट विचारली. बुधवारी कोण कोण आलं होतं?

मिओरी तर होतीच. दुपारी अंघोळीची गाडी. आणि अंघोळ आटोपून गाडी गेल्यावर नगरपालिकेतले ओदागिरी, जेलीचा डबा घेऊन. त्यांच्यासाठी चहा होईपर्यंत तेवढा वेळ ते खोलीत एकटेच बसले होते.

"पण हारुनोनेच नाव सांगितलंय," शिगेतो म्हणाले. "आणखी काय हवं तुम्हांला?"

कुवाहाराबाईंनी बुधवारची यादी वहीत लिहून घेतली. लहानपणापासून त्या बोलताना अडखळायच्या. शाळेत, दुकानात, फोनवर, लोक त्यांचे शब्द त्यांच्या तोंडून ओढून घ्यायचे आणि स्वतःच पुरे करायचे. बहुतेक वेळा चुकीचे. पुढे पुढे तर, दुरुस्त करण्यापेक्षा नको असलेली भाजी मुकाट्याने घरी नेणंच त्यांना सोपं वाटायला लागलं होतं. कानेमित्सूंनी गुरुवारचा प्रसंग सांगितल्यापासून त्यांच्या मनात काहीतरी सलत होतं.

त्यांनी कानेमित्सूंना फोन केला. बाईंनी 'मिओरी' म्हटल्यावर पुढे किती वेळ फळी धरून ठेवली होती?

कानेमित्सूंनी प्रश्न पुन्हा विचारायला लावला. मग ते म्हणाले, "धरून नाही ठेवली."

३

ओदागिरी त्यांना बंदरावरच्या कचेरीत भेटले. गोलमटोल, घामट, मनाने चांगला माणूस. आपण डबा पाहिला, पण हात लावला नाही, हे त्यांनी आपणहून सांगून टाकलं. त्यांना आवाज हवा होता, हेही लपवलं नाही. भोंग्यांवर हल्ली मशिनचा आवाज लावला होता आणि म्हातारी माणसं तो ऐकतच नव्हती. हारुनोसानचा आवाज यंत्रात आला, की त्याच आवाजात शरद ऋतूपासून पाचची सूचना द्यायची, वादळाचे इशारे द्यायचे. मग त्या असोत नसोत, गावाला तो कायमचा राहील. शिगेतोसान तर ऐकून रडलेच होते.

कुवाहाराबाईंनी विचारलं, "हारुनोसानना विचारलं होतं?"

"विचारलं की. बुधवारच्याही आधी एकदा घरी जाऊन विचारलं. म्हटलं, आनंद झाला ना?"

"मग?"

"त्यांनी बाजूला पाहिलं. शिगेतोसान म्हणाले, लाजतेय."

ओदागिरी हसत होते. कुवाहाराबाईंकडे पाहता पाहता त्यांचं हसू ओसरलं, का ते त्यांना नीट कळलं नसावं. मिओरीला ते ओळखत होते. पोरगी तशी वाटत नाही, पण माणसाचं काय सांगावं, असं म्हणून त्यांनी विषय संपवला.

मिओरी एका बंद पडलेल्या जाळ्यांच्या दुकानाच्या माडीवर राहायची. तिने कुवाहाराबाईंना आत घेतलं, चहा दिला, आणि मग स्वतःच्या हातांकडे बघत बसली. रडून झालेलं होतं. आरोपापेक्षा तिला एकाच गोष्टीचं कोडं पडलं होतं: हारुनोसानने आपलं नाव का घ्यावं? एवढ्या दिवसांत त्यांच्यात रुसवा झाला, भांडण झालं, उशी वाकडी लावली म्हणून तर अक्षरागणिक शिव्याही खाल्ल्या होत्या. पण खोटं? बाई खोटं बोलत नव्हत्या. इतक्या कष्टाने एकेक अक्षर उभं करणारं माणूस खोट्यावर अक्षरं वाया घालवत नाही, असं ती म्हणाली.

कुवाहाराबाईंनी तिला बुधवारचा दिवस पहिल्यापासून सांगायला लावला. अंघोळीची गाडी आली तेव्हा नेहमीप्रमाणे ती मदतीला थांबणार होती. पण बाईंनी तिला फळीवरून औषधाच्या दुकानात पाठवलं, डोळ्यांचे थेंब आणायला.

"संपले होते?"

"नाही ना. नवी बाटली खणात होती. मी सांगितलं तसं. त्यांनी पुन्हा तेच म्हटलं, थेंब आणा. मला वाटलं, विसरल्या असतील."

"विसरतात त्या?"

मिओरीने मान वर केली. इतके दिवस तिने ही गोष्ट दुसऱ्या बाजूने पाहिलीच नव्हती.

"नाही," ती सावकाश म्हणाली. "कधीच नाही."

४

त्या दुपारी कुवाहाराबाई हारुनोबाईंच्या खोलीत जाऊन बसल्या. बदली नर्स बाहेर पडवीत होती. खिडकीतून संत्र्यांच्या बागांच्या उतारावरचं ऊन आत येत होतं. हारुनोबाईंचे डोळे मिटलेले. डॉक्टर पाहून गेले होते, डोळ्यांत काही दोष नव्हता. या बाईला बघायचं नव्हतं, एवढंच.

कुवाहाराबाईंनी प्रश्न विचारला नाही. त्यांनी खुंटीवरची फळी काढून उजेडात धरली. मिओरी ती रोज काम संपल्यावर कोरड्या फडक्याने लख्ख पुसायची. फळीवर डाग असला की नजर चुकते, असं तिचं म्हणणं. पण आता दोन्ही कडांना, जिथे बोटं धरतात तिथे, वाळलेल्या थेंबांचे पांढुरके ठिपके होते. कुवाहाराबाईंनी फळी नाकाजवळ नेली. युझू लिंबाचा मंद वास आला. अंघोळीच्या पाण्यात टाकतात त्या पुडीचा.

त्यांनी फळी मांडीवर ठेवून बुधवार मनात पुन्हा पहिल्यापासून मांडला.

ओल्या हातांनी कुणीतरी फळी धरली होती. मिओरी दुकानात होती. ओदागिरी आले ते गाडी गेल्यानंतर, आणि त्यांना फळी वाचता येत नव्हती. गुरुवारी कानेमित्सूंचे हात कोरडे होते. अंघोळ घालणाऱ्यांना तर फळी लागतच नसे. पाणी गरम आहे का, मान दुखते का, एवढंच ते विचारत, आणि त्याला डोळ्यांची उघडझाप पुरे होती. म्हणजे कुणीतरी बाईंशी हो-नाहीच्या पलीकडचं बोललं होतं. आणि चोर डबाच उचलून नेतो. झाकण लावून तो मांडणीवर परत ठेवायला कुणीतरी सांगावं लागतं.

मिओरीला बाहेर कुणी पाठवलं होतं? बाईंनीच. का पाठवलं? तिच्यावर आळ येऊ नये म्हणून. मग त्याच बाई दुसऱ्या दिवशी तिचं नाव कशाला घेतील?

उत्तर इतकं सोपं होतं की कुवाहाराबाईंना आपल्याला ते आधी सुचलं नाही याचीच लाज वाटली. आपल्या बोलण्यात 'नाही' अगदी शेवटी येतं. मिओरीने घेतला नाही. पहिला शब्द झाला आणि ऐकणारे उठून गेले. नंतरचे मिटलेले डोळे म्हणजे 'हो' नव्हतंच; न ऐकणाऱ्यांशी बाईंनी बोलणं बंद केलं होतं.

त्या खाटेशेजारी सरकल्या. बोलायला गेल्या तर पहिलाच शब्द अडकला. त्यांनी तो तसाच राहू दिला, येईल तेव्हा येऊ दिला.

"हारुनोसान, मी काही विचारणार नाही. बुधवारी, अंघोळीच्या आधी, मी सगळ्यांना इथे बोलावणार आहे. अंघोळीच्या गाडीवाल्यांनासुद्धा. मिओरीसानलाही. तुम्हांला जे बोलायचं असेल ते पुरं होईपर्यंत कुणी या खोलीतून हलणार नाही, याची जबाबदारी माझी. चालेल?"

व्हेंटिलेटरने श्वास भरला, सोडला. पुन्हा भरला, सोडला.

हारुनोबाईंनी डोळे उघडले, सरळ त्यांच्याकडे पाहिलं, आणि एकदाच घट्ट मिटून पुन्हा उघडले.

५

अशा बैठका कुवाहाराबाई नेहमीच घेत. एका माणसाला सांभाळणारे सगळे त्याच्या खाटेभोवती जमायचे आणि पुढचं ठरवायचे. पण बुधवारच्या बैठकीत कुणी कुणाकडे बघत नव्हतं. शिगेतो पायथ्याशी, कानेमित्सू दाराशी, ओदागिरी कोपऱ्यातल्या स्टुलावर. मिओरी उंबऱ्यातच उभी होती. कुवाहाराबाईंनी हाताला धरून तिला उशाशी आणलं. बाहेर अंघोळीची गाडी लागली होती. गाडीबरोबरच्या दोघी बायका आणि गाडी चालवणारा इवागो, रबरी बूट काढून, भिंतीला टेकून उभे राहिले. ते पलीकडच्या गावचे. आठवड्यातून एकदाच इथे येणारे. इथे काय झालंय याचा त्यांना पत्ताच नव्हता.

कुवाहाराबाईंनी फळीवरच्या ठिपक्यांची गोष्ट सांगितली. डोळ्यांच्या थेंबांची सांगितली. मग त्यांनी इवागोला विचारलं, की अंघोळ झाल्यावर बायका टब आणि नळ्या गाडीत नेतात, तेव्हा बाईंजवळ कोण थांबतं?

"मी," इवागो म्हणाला. त्याने सगळ्यांचे चेहरे पाहिले. "का? काय झालं?"

मिओरीवर चोरीचा आळ आलाय, हे कळल्यावर त्याचा चेहरा पांढरा पडला. त्याने आधी मिओरीपुढे कमरेतून वाकून माफी मागितली, मग हारुनोबाईंकडे पाहिलं. सांगू का, असं ते पाहणं होतं. बाईंनी डोळे मिटून उघडले.

मग त्याने सांगितलं. त्याची आई याच आजाराने गेली होती, त्यामुळे फळी त्याला वाचता येत होती. हे बाईंना एकदा बोलता बोलता कळलं होतं. गेल्या बुधवारी दोघी बाहेर गेल्याबरोबर बाईंनी खुंटीकडे नजर लावली. हात पुसायचंही त्याला सुचलं नाही. डबा, आत आहे ते, समुद्रात टाका, कुणाला सांगू नका, असं त्या एकेका अक्षराने बोलल्या. परतीच्या फेरीबोटीवरून त्याने ते टाकलं.

शिगेतोंना नीट ऐकू आलं नसावं. त्यांनी कानेमित्सूंकडे पाहिलं. कानेमित्सूंनी त्यांच्या कानाशी जाऊन सांगितलं, आणि तो धिप्पाड माणूस खाली बसला.

"तू तिचा आवाज पाण्यात टाकलास," ते म्हणाले. "कुणाला न विचारता."

"ज्यांचा होता त्यांना विचारलं," इवागो म्हणाला. "नक्की का, म्हणून विचारलं. त्या हो म्हणाल्या. शिगेतोसान, एखादं माणूस स्वतःचीच वस्तू टाक म्हणतंय, तर मी कितीदा विचारायचं?"

मिओरीने न सांगता फळी हातात घेतली, कडा सदऱ्याला पुसल्या आणि हारुनोबाईंच्या चेहऱ्यासमोर धरली. ती वाचत होती आणि बाकीचे थांबले होते. मधेच ओदागिरींनी तोंड उघडलं, कुवाहाराबाईंनी हात वर केला, आणि ते मिटलं. अर्ध्या वाक्यावर बाईंना कफ आला. मिओरीने तो काढला, पुन्हा फळी धरली. बाहेर गाडीतलं पाणी निवत होतं.

शेवटी तिने ते सगळं सलग म्हणून दाखवलं.

"तो आवाज दुसऱ्यांनी लिहिलेलं वाचायचा. मी मेल्यावरही वाचत राहिला असता. आता मी बोलते ते माझं आहे. मशिनचा कुठलाही आवाज लावा."

ओदागिरी उठले. गावाच्या वतीने काही बोलायचं त्यांच्या मनात असावं. पण ते फक्त हारुनोबाईंपुढे कमरेतून वाकले.

शिगेतो मात्र खालीच बसून होते. "मला ऐकायचा होता," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "एकदा तरी. मला."

फळी पुन्हा वर गेली. या वेळी वाक्य लहान होतं. मिओरीने ते वाचलं, आणि मोठ्याने म्हणावं की नाही, या विचाराने ती कुवाहाराबाईंकडे पाहायला लागली.

"म्हणा," कुवाहाराबाई म्हणाल्या. "जसंच्या तसं."

"तुम्हांला तेव्हाही ऐकू येत नव्हतं."

शिगेतोंच्या खांद्यांना हिसका बसला, आणि सगळ्यांना वाटलं ते रडताहेत. ते हसत होते. मग रडायलाही लागले, आणि दोन्ही एकदमच बराच वेळ चाललं.

६

सगळं काही तिथल्या तिथे मिटलं नाही. झाल्या प्रकाराची इवागोच्या कंपनीने दखल घेतली. त्याला समज मिळाली, आणि दोन बुधवार दुसराच माणूस गाडी घेऊन आला. कुवाहाराबाईंनी त्याच्या बाजूने दोनदा कंपनीत जाऊन आपलं अडखळतं म्हणणं मांडलं, तेव्हा तो परत आला. शिगेतो मिओरीच्या माडीवर जाऊन, जिन्यातच गुडघे टेकून माफी मागून आले. तिने त्यांना उठवलं, चहा पाजला, आणि येईन म्हणाली, पण लगेच नाही. मला थोडे दिवस द्या, म्हणाली. तिचं बरोबर होतं. तोवर कफ काढायला शहरातून नर्स येणार होती, पण तिला फळी वाचता येत नव्हती, आणि या गोंधळात पुढे ढकललेला संगणक अजून यायचा होता.

त्या दिवसांतल्या एका दुपारी कुवाहाराबाई सहज डोकावल्या, तर खोलीत शिगेतो खाटेशेजारी बसून होते. दोन्ही हातांत फळी. कपाळावर घाम. ती ते अशी धरत होते, जशी काही ती निसटून बोटीच्या तळाशी जाईल.

"खि," ते म्हणाले. हारुनोबाईंनी डोळे मिटून उघडले. फळी डगमगत सरकली. "ड." पुन्हा सरकली. "की."

ते उठायला लागले. वारा सुटला होता, खिडकी सताड उघडी होती, बंद करायची असणार हे उघडच होतं. कुवाहाराबाईंचा स्वतःचाही हात दारातून खिडकीकडे गेला होता.

अर्धवट उठलेले शिगेतो तसेच थांबले. मग परत खाली बसले, आणि फळी पुन्हा वर धरली.

फार वेळ लागला. दोनदा अक्षर चुकलं, एकदा त्यांनी वैतागून फळी मांडीवर ठेवली आणि पुन्हा उचलली. हारुनोबाईंना घाई नव्हती. शेवटचं अक्षर झाल्यावर शिगेतोंनी ते सगळं जोडून, एकेका शब्दावर बोट ठेवल्यासारखं म्हटलं.

"खिडकीतून काय दिसतं ते सांगा."

ते उठून खिडकीशी गेले. पाठमोरे, थोडे वाकलेले. आयुष्यभर बोटीच्या पोटात काम केलेल्या त्या माणसाला, वर काय दिसतं हे कुणी कधी विचारलं नव्हतं. त्यांनी घसा खाकरला.

"फेरी येतेय," ते म्हणाले, जरा जास्तच मोठ्याने. "उशीर झालाय तिला. वर पत्र्यावर बगळा बसलाय. उतारावर यामाशितांची म्हातारी संत्री तोडतेय, टोपी उडू नये म्हणून एका हाताने धरलीय." ते थांबले आणि मागे वळून बघितलं.

हारुनोबाईंचे डोळे उघडे होते, आणि ते त्यांच्यावरच होते.

"बगळा उडाला," शिगेतो म्हणाले, आणि पुढे सांगत राहिले.